सात नंबरवरची दोन वर्तुळं

2023 च्या दिवाळीची साफसफाई चालली होती. माळ्यावरची गोल्फची बॅग मी स्वतःच्या हाताने खाली उतरवली. चेन गंजून अडकली होती, तिला खोबरेल तेल लावावं लागलं. आतल्या क्लबने एकोणीस वर्षांत कोणी खेळलं नव्हतं. ग्रिपचं रबर काही ठिकाणी दगडासारखं कडक झालं होतं आणि काही ठिकाणी बोटांना काळं चिकटत होतं. सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, बाहेर काढला, ओल्या फडक्याने त्याचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, पुसला, आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला.

फेसवर दोन झिजलेली वर्तुळं आहेत. एक बरोब्बर मध्यावर, रुपयाच्या नाण्याएवढं, कडा स्पष्ट. तिथला क्रोम उडून खालचं राखाडी लोखंड दिसतं. ते बाबांचं. दुसरं टाचेकडे, म्हणजे शाफ्ट, क्लबचा दांडा, जिथे डोक्याला मिळतो त्या बाजूला, लांबट आणि पसरट. ते माझं. वीस-एकवीस वर्षं मी त्याच क्लबने खेळले आणि माझा चेंडू कधी मध्यावर बसलाच नाही, हे त्या लोखंडावर लिहिलेलं होतं. मी मात्र ते तोवर कधी वाचलं नव्हतं.

बाबा तोफखान्यातले. देवळालीला दोन वेळा पोस्टिंग झालं, आणि तिथेच 1983 मध्ये, अकरावीच्या सुट्टीत, त्यांनी माझ्या हातात क्लब दिला. त्याआधी राजस्थानातल्या एका छावणीत मी त्यांच्यामागून नुसती चालायची. तिथे ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक हिरवळ, नव्हते, ब्राऊन होते. तेल घातलेली वाळू चोपून केलेलं गोल मैदान. पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवायचा हलका फटका, मारायच्या आधी कॅडी, खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस, लाकडी फळी ओढून वाळू सारखी करायचा, आणि चेंडू गेला की मागे रेघ उरायची. ती रेघ बघायला मला फार आवडायचं.

मला क्लब द्यायचा म्हणून बाबांनी आपला जुना संच घेतला, प्रत्येक शाफ्ट वरून एक इंच कापून घेतला आणि डोक्यामागे शिशाची पट्टी चिकटवली. कारण शाफ्ट आखूड केला की डोकं हातात हलकं लागतं, झोका घेताना ते कुठे आहे हे कळत नाही. ते वजन परत आणायला शिसं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अंदाजाने, मुलीला आखूड क्लब हवा या एका समजुतीवर केलं. मी तेव्हाच पाच फूट सात इंच होते.

2004 मध्ये खेळ सुटला. सासूबाईंचं आजारपण, लेकीची शाळा, माझी बँकेतली बढती, सगळं एकाच वर्षात आलं. मनात मात्र तो संपला नव्हता. 7 ऑगस्ट 2021 ची सकाळ मला नीट आठवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती आणि घरात मी एकटी टीव्हीपुढे बसून होते. तिचा चेंडू इतरांपेक्षा मागे पडायचा आणि तरी ती लांबून पट घालून घालून पदकाच्या शर्यतीत टिकून होती. एका फटक्याने पदक गेलं, चौथी आली. पुरुषांत अनिर्बन लाहिरीबरोबर आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला होता. त्या दिवशी मी ठरवलं की नोकरी संपली की परत जायचं. त्याला पुढे दोन वर्षं लागली, इतकंच.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, पहिल्या दिवशी मी बाबांचाच संच घेऊन गेले. वीस चेंडू मारले. पहिले चार जमिनीलगत गेले, पाचवा बरा उडाला, आणि आठव्याला पाच नंबरच्या फेसचा टाचेकडचा भाग लागला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. सडपातळ फेसच्या त्या जुन्या ब्लेडचं हेच असतं. सगळं लोखंड मध्यामागे गोळा केलेलं. मध्यावर लागला तर लोण्यात सुरी जावी तसा लागतो, आणि अर्धा इंच चुकला की क्लब हातातच वळतो. डाव्या कोपराचं दुखणं दोन आठवडे टिकलं.

तिथल्या प्रशिक्षकांनी माझी बॅग पाहिली, शिशाच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, सहा आठवडे काहीही विकत घेऊ नका. रेंजवरचा साधा सात नंबर घ्या. तुमचा आत्ताचा स्विंग काय आहे ते आधी आपण दोघंही बघू या." खांद्यासाठी फिजिओकडे जायला सांगितलं. सत्तावन्नाव्या वर्षी उजवा खांदा पूर्वीइतका मागे जात नाही, कंबर वळते पण हळू. जुना स्विंग माझ्या आठवणीत होता, शरीरात नव्हता.

मी तीन आठवडे थांबले, चौथ्याला राहवलं नाही. एका दुकानात गेले आणि महिलांसाठीचा पूर्ण संच उचलला. अकरा क्लब, बॅग, डोक्यांवरची कव्हरं, सगळं एका खोक्यात, अठ्ठेचाळीस हजार रुपये. विक्रेत्याने माझी उंची विचारली नाही, मला एक चेंडू मारून बघू दिला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. 'लेडीज' लिहिलंय म्हणजे आपल्यासाठी, असं बाबांच्यासारखंच मीही धरून चालले. ही चूक मी सविस्तर सांगते आहे, कारण परत खेळायला आलेल्या माझ्या ओळखीच्या चार बायकांपैकी तिघींनी हीच केली.

त्या संचाचे क्लब पुरुषांच्या प्रचलित मापापेक्षा एक इंच आखूड होते, म्हणजे सात नंबर 36 इंचांचा. माझ्या उंचीला तो पुरेसा व्हावा म्हणून मला गुडघे आणि कंबर जास्त वाकवावी लागे, आणि पन्नास चेंडूंनंतर पाठ बोलायला लागे. शाफ्ट अतिशय लवचीक, एल फ्लेक्स, म्हणजे 'लेडीज' लवचीकतेचा. माझी ताकद फार नाही हे खरं, पण वरून खाली येताना माझा वेग एकदम वाढतो. मध्ये थबकणं नाही. अशा हाताला फार लवचीक शाफ्ट दिला की डोकं मागे राहतं आणि मग झटक्यात पुढे येतं. एक चेंडू डावीकडे उंच, दुसरा उजवीकडे, तिसरा सरळ. तिसरा का सरळ गेला हे कळायला मार्ग नाही. पुढे तो संच मी एका पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला एकतीस हजारांना दिला, आणि तिच्या हातात तो अगदी शोभतो. क्लब वाईट नव्हते. माझे नव्हते.

सहा आठवडे पुरे झाल्यावर प्रशिक्षकांनीच एका फिटरकडे, म्हणजे खेळाडूच्या मापाचे क्लब बसवून देणाऱ्याकडे, पाठवलं. तिशीतला मुलगा, शांत. पहिली पंधरा मिनिटं त्याने क्लबला हातच लावला नाही. दुखणं विचारलं, आठवड्यातून किती वेळा खेळणार ते विचारलं, कुठल्या मैदानावर ते विचारलं. मग मला बूट घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. साडेचौतीस इंच. उंचीइतकंच हे माप महत्त्वाचं असतं, कारण उंच माणसाचे हात लांब असले तर त्याला लांब क्लब लागेलच असं नाही. माझ्या मापाला पुरुषांची प्रचलित लांबी बरोबर बसत होती. चाळीस वर्षांपूर्वी कापलेला तो एक इंच मला हवा होता.

मग त्याने फेसवर पांढरा स्प्रे मारला, पायांना लावायच्या पावडरचा असतो तसला. मी माझा नवा 'लेडीज' सात नंबर घेऊन सहा चेंडू मारले. पांढऱ्यावर सहा ठसे उमटले. चार टाचेकडे, एक खाली, एक मध्याजवळ. मी बॅगेतून बाबांचा सात नंबर काढून शेजारी धरला. तेच लांबट वर्तुळ, त्याच जागी. तो मुलगा बराच वेळ दोन्ही फेस बघत राहिला आणि म्हणाला, "हे मधलं कोणाचं?" मी म्हटलं, "वडिलांचं." "त्यांच्या मापाचे होते ते."

क्लबच्या तळाला टेप लावून कडक फळीवरून चेंडू मारायचे, आणि टेपवर घासल्याची खूण कुठे उमटते ते बघायचं, ही पुढची चाचणी. तिला लाय बघणं म्हणतात. खूण मधोमध आली तर क्लब जमिनीला सपाट भिडतोय. माझी खूण पंजाकडे, डोक्याच्या टाचेविरुद्धच्या टोकाला, म्हणजे टाच उचलली जात होती. अशा वेळी फेसचं तोंड किंचित उजवीकडे होतं, आणि झोका सरळ असला तरी चेंडू उजवीकडे सुटतो. मी अनेक वर्षं हा दोष माझ्या मनगटात शोधत होते. एक इंच लांबी आणि एक अंश उभी लाय, एवढ्याने सहातले चार चेंडू निशाणाच्या रेषेत गेले. मला तिथे जरा बसावंसं वाटलं.

शाफ्टच्या बाबतीत मात्र पूर्ण दोन तास गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. पोलादी रेग्युलर, पोलादी हलका, ग्रॅफाइट रेग्युलर, ग्रॅफाइट सिनियर. एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या सिनियरसारखा लागला, कारण या अक्षरांना सगळ्यांनी मिळून पाळायचं एक माप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने आर (रेग्युलर), एस (स्टिफ), ए (सिनियर), एल (लेडीज) लिहिते. त्यामुळे शाफ्टवरचं अक्षर झाकून मारा, असा त्याने आग्रह धरला आणि कागदाची चिठ्ठी गुंडाळून दिली. मला जो सगळ्यांत चांगला लागला तो सिनियर म्हणून विकला जाणारा पंचावन्न ग्रॅमचा ग्रॅफाइट निघाला. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो क्लब आणि बाबांचा सात नंबर तोलले. बाबांचा 431 ग्रॅम, नवा 364. सदुसष्ट ग्रॅम म्हणजे एका लहान कांद्याएवढं, पण एका फेरीत सरावाचे झोके धरून दीडशे वेळा ते फिरवायचं असतं. चौदाव्या होलला माझे हात का गळून जायचे याचं उत्तर त्या काट्यावर दिसलं.

ग्रिपसुद्धा बदलून घेतली. माझी बोटं लांब आहेत आणि सकाळी सांधे आखडतात. बारीक ग्रिप घट्ट आवळावी लागते, त्याने कोपरावर ताण येतो. मधल्या जाडीची, मऊ रबराची ग्रिप लावल्यावर मूठ सैल झाली. यात खर्च फार नाही. नवा संच घ्यायचा नसेल त्यांनी निदान एवढं करून बघावं.

आता लॉफ्टचं, म्हणजे फेस किती मागे कललेला आहे त्या कोनाचं, सांगते, कारण इथे परतणाऱ्या माणसाची सगळ्यांत जास्त दिशाभूल होते. फटका मोजणाऱ्या मशीनवर बाबांच्या सात नंबरने माझा चेंडू हवेत 89 यार्ड गेला, नव्या सात नंबरने 104. पंधरा यार्डांची वाढ बघून मी हरखले. मग फिटरने दोन्हींचा कोन मोजून दाखवला. बाबांचा 35 अंश, नवा 30. म्हणजे ज्यावर सात लिहिलंय तो जुन्या हिशेबाने जवळजवळ सहा नंबर आहे. आकडा तोच ठेवून कंपन्यांनी फेस उभा करत नेला. तरी सगळी वाढ कोनाची नव्हती. नव्या क्लबच्या मागे खोलगट पोकळी आहे, वजन कडांना आणि तळाला नेलेलं आहे, त्यामुळे उभ्या फेसनेही चेंडू वर उचलला जातो, आणि टाचेकडे लागलेला चेंडू बाबांच्या क्लबवर जिथे अठरा-वीस यार्ड कमी जायचा तिथे आता सात-आठच कमी जातो. माझ्यासाठी खरी कमाई ही दुसरी आहे. चांगला लागलेला फटका पंधरा यार्ड पुढे गेला हे छान, पण वाईट लागलेला फटका बंकरऐवजी, वाळूच्या खड्ड्याऐवजी, ग्रीनच्या कडेला पडतो तेव्हा माझा डाव वाचतो.

आणखी उभ्या फेसचाही एक संच होता. त्याने 109 यार्ड गेला. मी तोच घ्यायच्या बेतात होते. फिटरने पडद्यावर दुसऱ्याच आकड्याकडे बोट केलं. चेंडू खाली येतानाचा कोन. "मॅडम, हा जाईल पुढे, पण ग्रीनवर थांबणार नाही. पलीकडे घरंगळेल." सावकाश स्विंगच्या माणसाला उंची कमी पडते, लांबी त्यामानाने सापडते. पाच यार्ड सोडले आणि 30 अंशांचा घेतला.

मग बॅगेत काय काय असावं यावर बसलो. नियमाने चौदापर्यंत क्लब चालतात, हा नियम 1938-39 पासूनचा आहे, आणि आपल्याला चौदा भरलेच पाहिजेत असं उगाच वाटतं. माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यांत लांब फटक्याच्या क्लबचा, वेग ताशी 72 मैल निघाला. या वेगाला पाच, सहा आणि सात नंबरचे आयर्न जवळजवळ एकाच अंतरावर जातात. तीन आणि चार नंबर तर जमिनीवरून मला कधीच नीट उडाले नव्हते, देवळालीलासुद्धा नाही. तेव्हा वाटायचं की पुरेसा सराव नाही. उभ्या फेसच्या आयर्नला चेंडू वर न्यायला वेग लागतो, आणि तो माझ्याकडे तेव्हाही नव्हता.

त्या जागी हायब्रिड आणि वूड, म्हणजे मोठ्या गोलसर डोक्याचे लांब क्लब, आले. मी खेळ सोडला तेव्हा हायब्रिड नुकते दिसू लागले होते आणि आमच्याकडचे जुने खेळाडू त्यांना हात लावत नसत. आता व्यावसायिक खेळाडूही सर्रास वापरतात. हायब्रिडचा आकार लहान वूडसारखा, वजन खाली आणि मागे, त्यामुळे दाट गवतातूनही चेंडू निघतो. माझ्या बॅगेत आज 12 अंशांचा ड्रायव्हर, 17 चा चार वूड, 21 चा सात वूड, 26 चा हायब्रिड, मग सात, आठ, नऊ नंबर आणि जवळच्या उंच फटक्यांसाठी तीन वेज आहेत. पट मारायचा पटर धरून अकरा. प्रत्येकात नऊ ते बारा यार्डांचं अंतर पडतं आणि कुठला काढायचा यावर अडून राहावं लागत नाही. सात वूड हा तर शोधच वाटला. 127 यार्ड, उंच, आणि ग्रीनवर पडला की दोन उड्यांत थांबतो.

ड्रायव्हरची वेगळी गंमत आहे. दादाने 1990 च्या दशकात अमेरिकेहून कॅलावेचा बिग बर्था आणला होता. 1991 मध्ये तो निघाला तेव्हा त्याचं 190 घनसेंटिमीटरचं पोलादी डोकं लोकांना अवाढव्य वाटलं, आणि पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेवरून त्याचं नाव ठेवलं म्हणून बाबा फारच खूष होते. मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला ते तोफेची गोष्ट सांगत. तो मी नव्या ड्रायव्हरशेजारी ठेवला तर आंब्याशेजारी लिंबू ठेवल्यासारखं दिसलं. आताची डोकी 460 घनसेंटिमीटरची असतात आणि त्याहून मोठी करायला 2004 पासून नियमानेच बंदी आहे. फेस चेंडूला किती उसळी देतो यावरही मर्यादा आहे.

हे कळल्यावर मी एक निर्णय घेतला जो मला अजून बरोबर वाटतो. आकार आणि उसळी, दोन्हींवर इतकी वर्षं छत आहे, तर दरवर्षी निघणाऱ्या नव्या मॉडेलमध्ये मध्यावर लागलेल्या फटक्याला फार काही वाढणार नाही. सुधारणा होते ती चुकलेल्या फटक्यांत, डोकं कमी वळतं. तीही वर्षागणिक थोडी थोडी. म्हणून चालू वर्षाचा ड्रायव्हर सोडून दोन पिढ्या मागचा, वापरलेला घेतला, जवळपास निम्म्या किमतीत. मशीनवर दोघांत चार यार्डांचा फरक होता, तोही रोज सारखा नव्हता. वाचलेले पैसे आयर्नच्या मापावर आणि शिकवणीवर घातले. वापरलेला क्लब घेताना फक्त एक जपायचं. नकली माल फार फिरतो. फिटरने मला डोक्यावरचा अनुक्रमांक तपासून दिला आणि मगच मी पैसे दिले. इंटरनेटवर अर्ध्याहून कमी किमतीला नवाकोरा दिसतो तो घेऊ नये.

लॉफ्टबद्दल ड्रायव्हरमध्येही माझा हट्ट होता. पूर्वी नऊ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे चांगला खेळाडू असा समज होता, आणि बारा लिहिलेला बाहेर काढायला मला संकोच वाटला. साडेदहाने चेंडू हवेत 139 यार्ड गेला, बाराने 150. पाच-पाच फटक्यांची सरासरी. संकोच तिथेच संपला.

चेंडूवर मी फार वेळ घालवला नाही. आमच्या वेळी चांगला चेंडू म्हणजे बलाटाच्या, एका मऊ रबरासारख्या पदार्थाच्या, सालीचा, एका वाईट फटक्यात चिरला जाणारा. 2000 साली टायटलिस्टचा प्रो व्ही 1 आला आणि ते युग संपलं. मी सध्या मऊ, दोन थरांचा, स्वस्त चेंडू वापरते. आठवड्याला तीन तरी पाण्यात जातात.

नियमही बदलले आहेत आणि ते मला फेरीतच कळले. 2019 पासून झेंडा होलमध्ये ठेवून पट मारता येतो, मी सवयीने तो काढायला धावत होते. हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीन मिनिटं. ड्रॉप, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडणं, खांद्यावरून करायची जुनी सवय होती, तो आता गुडघ्याच्या उंचीवरून. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, 2020 च्या जागतिक पद्धतीने पुन्हा शून्यापासून काढावा लागला, जुनं कार्ड उपयोगाचं नव्हतं.

येरवड्याला पहिली पूर्ण फेरी मार्चमध्ये खेळले, सकाळी साडेसहाला. बरोबर ज्येष्ठ कॅडी होते, त्यांना मी मामा म्हणते. एका तीन पारच्या, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा, होलवर मी सात नंबर काढला. मामा म्हणाले, "नाय पोचणार मॅडम. तो मोठा घ्या, सात लिवलेला वूड." मी म्हटलं, "दोन्हींवर सातच लिहिलंय, मामा." ते हसले आणि कव्हर काढून वूड हातात दिला. चेंडू ग्रीनच्या पुढच्या भागावर पडला आणि थांबला. पट दोन लागले, पार झाला. त्या फेरीत 113 फटके झाले, पण चौदाव्या होलनंतर हात गळले नाहीत आणि कोपर घरी येईपर्यंत एकदाही बोललं नाही.

पावसाळ्याने एक दुरुस्ती करायला लावली. मार्चमध्ये घेतलेल्या सँड वेजचा तळ जरा चपटा होता, बाऊन्स, म्हणजे तळाच्या फुगवट्याचा कोन, आठ अंशांचा. कोरड्या, टणक जमिनीवर छान चालला. जुलैत मैदान भिजलं आणि वेजची पुढची धार मातीत रुतायला लागली. चेंडू तिथेच, समोर मातीचा ढेकूळ. पुण्याच्या आसपास खेळणाऱ्याने जमीन वर्षात दोन वेळा बदलते हे धरूनच वेज घ्यावा. आता बारा अंशांचा एक जास्तीचा आहे, जून ते सप्टेंबर तो बॅगेत असतो, ऑक्टोबरनंतर आठाचा.

राहिला पटर. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो बदलायचाच नाही असं मनाशी ठरवलं होतं. बाबांचा पितळी पटर, बारीक पात्याचा. दर रविवारी ते बेल्टच्या बकलबरोबर त्यालाही ब्रासो लावत. त्याच्या कडा इतक्या घासल्या गेल्या आहेत की वरची अक्षरं अर्धीच वाचता येतात. 2011 मध्ये बाबा गेले, त्यानंतर आईने तो पटर फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला होता.

फिटरने त्याला नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाला, मोजून बघू. सहा फुटांवरून वीस पट पितळी पटरने, वीस मागे रुंद डोकं असलेल्या मॅलेटने. दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने पुन्हा. दोन्ही दिवस मिळून पितळीने चाळीसपैकी सतरा गेले, मॅलेटने सव्वीस. कारणही त्याने दाखवलं. माझा पटरचा झोका सरळ मागे आणि सरळ पुढे जातो. पितळी पटर बोटावर आडवा तोलला की त्याचं टोक खाली झुकतं, म्हणजे तो झोक्यात उघडायला-मिटायला बघतो. बाबांचा झोका दारासारखा कमानीत फिरायचा, त्याला तो हवाच होता. मॅलेट बोटावर ठेवला तर फेस आकाशाकडे बघत राहतो. लांबीसुद्धा बाबांची 35 इंच, मला 33 पुरते. क्लब कापताना पटर तेवढा त्यांनी कापला नव्हता.

तो कापून घेता आला असता. फिटर तयार होता. मीच नको म्हटलं. आणखी काही कापायचं नाही.

मॅलेट घेतला. घरी येऊन पितळी पटरला ब्रासो लावला, बऱ्याच दिवसांनी तो वास घरात पसरला. बाहेरच्या खोलीत दाराशेजारी छत्र्यांच्या स्टँडमध्ये तो आणि सात नंबर दोन्ही उभे आहेत. गुरुवारी सकाळी बॅग उचलून निघताना मी सात नंबरच्या मधल्या वर्तुळावर अंगठा ठेवते. नव्या सात नंबरवर अजून काही झिजलेलं नाही. रेंजवर महिन्यातून एकदा स्प्रे मारून बघते. गेल्या वेळी दहातले सहा मध्यावर होते, तीन टाचेकडे, आणि एक पंजाला, जो कसा गेला ते प्रशिक्षकांना विचारायचं आहे.